कृत्रिम बुद्धिमत्ता आणि विद्यार्थ्याचे लेखन : अभ्यासक्रमाचे नियम कसे असावेत?

शिक्षणक्षेत्रात एखादे नवे साधन आले की त्याच्या वापराचे नियम मागाहून येतात. आणि ते येईपर्यंतच्या काळात जो गोंधळ माजतो त्याची झळ बहुधा विद्यार्थ्यालाच लागते. दि. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटी ही संभाषण करणारी संगणकप्रणाली सर्वांसाठी खुली केली. तेव्हापासून जगभरातील विद्यापीठे, महाविद्यालये आणि शाळा एकाच प्रश्नाला तोंड देत आहेत. विद्यार्थ्याने सादर केलेला निबंध त्याचा स्वतःचा आहे की यंत्राने लिहून दिलेला? यंत्राचे साहाय्य घेतले असल्यास ते कोठपर्यंत क्षम्य मानावे? आणि शंका आल्यास निर्णय कोणी, कोणत्या आधारावर द्यावा?

हा प्रश्न आपल्या वाचकांपासून दूरचा नाही. वाचकांपैकी कित्येकजण अध्यापक आहेत. कित्येकजण नोकरी सांभाळून पाली व बौद्ध अध्ययनाचे प्रमाणपत्र किंवा पदविका अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. कित्येकांच्या घरातील मुलगा वा मुलगी महाविद्यालयाची पायरी चढणारी त्या घरातील पहिली व्यक्ती आहे. अशा विद्यार्थ्यावर 'हे लेखन तुझे नव्हे' असा ठपका आला तर त्याचे एक वर्ष वाया जाते, इतकेच नव्हे, तर त्याचा आत्मविश्वासही खचतो. उलटपक्षी, सर्व लेखन यंत्राकडून करवून घेऊन त्याने पदवी मिळविली, तर ज्या विचारशक्तीसाठी तो शिकावयास आला तीच त्याला लाभत नाही. या दोन्ही हानी टाळणारे नियम कसे करता येतील, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. यंत्र नेमके काय करते?

नियम करण्यापूर्वी साधनाचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. चॅटजीपीटी व तत्सम प्रणालींना भाषिक प्रतिमान असे म्हटले जाते. पुस्तके, लेख आणि संगणकीय जाळ्यावरील मजकूर अशा अफाट लिखित सामग्रीवर हे प्रतिमान घडविलेले असते. दिलेल्या शब्दांनंतर कोणता शब्द वा शब्दखंड येण्याची शक्यता अधिक आहे, याचे गणित ते करते आणि एकेक खंड जोडीत वाक्ये उभी करते. त्यानंतर माणसांच्या पसंती-नापसंतीच्या आधारे त्याच्या उत्तरांना वळण लावलेले असते. आता काही प्रणालींना संगणकीय जाळ्यावर शोध घेण्याची जोडही मिळाली आहे.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही की, यंत्राचे उत्तर सामान्यतः कोठून तरी जसेच्या तसे उतरविलेले नसते. ते त्या क्षणी नव्याने जुळविलेले असते. म्हणून छापील मजकुराशी तुलना करून चोरी पकडण्याची जुनी पद्धत येथे फारशी उपयोगी पडत नाही. दुसरी ही की, ओघवते वाक्य म्हणजे खरे वाक्य नव्हे. जे संभाव्य वाटते ते यंत्र लिहिते, आणि संभाव्य ते सत्य असतेच असे नाही. ग्रंथाचे नाव, पृष्ठांक, सुत्ताचा क्रमांक या गोष्टी ते पूर्ण आत्मविश्वासाने चुकीच्या सांगू शकते. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयाने दोन वकिलांना व त्यांच्या कार्यालयाला ५,००० डॉलर दंड केला. चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले न्यायनिर्णय त्यांनी न्यायालयापुढे आधार म्हणून मांडले होते. सुशिक्षित, अनुभवी वकिलांची जी गत झाली ती विद्यार्थ्याची सहज होऊ शकते.

२. बंदीचा मार्ग आणि त्याची मर्यादा

आरंभी अनेक संस्थांनी सरसकट बंदीचा मार्ग पत्करला. जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शाळांनी आपल्या संगणकांवर व जाळ्यावर चॅटजीपीटी बंद केली. मे महिन्यात तेथील शिक्षणप्रमुखांनी ही बंदी मागे घेत असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२३ च्या परीक्षांच्या वेळी परीक्षा केंद्रात चॅटजीपीटीच्या वापरास मनाई केली.

या दोन उदाहरणांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. परीक्षा केंद्रातील मनाई अंमलात आणता येते, कारण तेथे पर्यवेक्षक असतो आणि भ्रमणध्वनी बाहेर ठेवला जातो. शाळेच्या संगणकावरील बंदी मात्र शाळेच्या भिंतीपाशी संपते. घरी ज्याच्याकडे संगणक आहे त्याला ती लागू होत नाही. परिणामी ज्याच्यापाशी साधन नाही तोच तेवढा नियम पाळतो. जो नियम अंमलात आणता येत नाही तो प्रामाणिक विद्यार्थ्यास शिक्षा आणि अप्रामाणिकास सूट ठरतो. यास्तव घरी करावयाच्या लेखनावर केवळ 'वापरू नये' असे लिहून अध्यापकाची जबाबदारी संपत नाही.

३. विद्यापीठांनी काढलेल्या वाटा

पुढे विद्यापीठांनी अधिक विचारपूर्वक धोरणे आखली. त्यांतील तीन उदाहरणे उद्बोधक आहेत.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आचारविषयक मंडळाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एक सुटसुटीत सूत्र दिले. अध्यापकाने स्पष्ट काही सांगितले नसेल, तर यंत्राचे साहाय्य हे दुसऱ्या व्यक्तीकडून घेतलेल्या साहाय्यासारखे समजावे, असा त्याचा आशय होता. शेजाऱ्याकडून निबंध लिहवून घेणे जसे गैर, तसेच यंत्राकडून लिहवून घेणेही गैर. आणि शंका असल्यास विद्यार्थ्याने घेतलेले साहाय्य उघड करावे. आपापल्या अभ्यासक्रमासाठी वेगळा नियम करण्याची मुभा अध्यापकांना ठेवण्यात आली.

हार्वर्ड विद्यापीठाच्या कला व विज्ञान शाखेने २०२३ साली अध्यापकांपुढे धोरणाचे तीन नमुने ठेवले : वापरास पूर्ण मनाई, वापरास पूर्ण प्रोत्साहन, आणि काही कामांपुरती परवानगी देणारा मधला मार्ग. त्यांपैकी कोणताही निवडावा, मात्र तो अभ्यासक्रमाच्या पत्रकात लिहून विद्यार्थ्यांस स्पष्ट सांगावा, हा त्यातील महत्त्वाचा आग्रह होय.

ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाने मूल्यमापनाचे दोन पदर कल्पिले. पहिल्या पदरात पर्यवेक्षणाखाली होणाऱ्या लेखी वा तोंडी परीक्षा. तेथे विद्यार्थ्याचे स्वतःचे ज्ञान तपासले जाते. दुसऱ्या पदरात खुली कामे. तेथे यंत्राचा वापर गृहीत धरला जातो व तो चांगला कसा करावा हे शिकविले जाते. घरी केलेल्या कामात यंत्र वापरलेच गेले नाही असे मानणे व्यर्थ आहे, ही वास्तवाची कबुली या रचनेच्या मुळाशी आहे.

या तिन्ही उदाहरणांतून एक समान तत्त्व निघते. नियम साऱ्या संस्थेसाठी एकच असून भागत नाही. तो प्रत्येक अभ्यासक्रमाच्या, किंबहुना प्रत्येक कामाच्या उद्दिष्टानुसार ठरवावा लागतो.

४. उद्दिष्टावरून नियम

पर्किन्स, फर्झ, रो आणि मॅकवॉ या अभ्यासकांनी याच विचाराने पाच पायऱ्यांची एक श्रेणी मांडली. पहिल्या पायरीवर यंत्राचा वापर मुळीच नाही. दुसऱ्या पायरीवर कल्पना सुचविणे व आराखडा करणे एवढ्यापुरताच वापर. तिसऱ्या पायरीवर विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या मजकुराची भाषा सुधारणे. चौथ्या पायरीवर यंत्राकडून काम करवून घेऊन विद्यार्थ्याने त्याची चिकित्सा करणे. पाचव्या पायरीवर पूर्ण मोकळीक. पुढे या अभ्यासकांनी श्रेणीत सुधारणा केल्या. तथापि मूळ कल्पना उपयुक्त आहे. प्रत्येक गृहपाठावर 'पायरी दुसरी' किंवा 'पायरी चौथी' असे लिहून दिले की विद्यार्थ्यास अंदाज बांधीत बसावे लागत नाही.

पाली भाषेच्या वर्गाचे उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास एका गाथेचा मराठी अनुवाद करावयास दिला. येथे अनुवाद हे निमित्त आहे; विद्यार्थ्याने विभक्ती ओळखावी, क्रियापदाचा काळ सांगावा, समास सोडवावा हे उद्दिष्ट आहे. धम्मपदासारख्या ग्रंथाचे अनुवाद अनेक भाषांत उपलब्ध असल्याने यंत्र एखादा सुबक अनुवाद तत्काळ देईल, आणि विद्यार्थ्याला एकही विभक्ती ओळखावी लागणार नाही. हे काम पहिल्या पायरीवर ठेवावे व वर्गातच करून घ्यावे. पुढल्या वर्षी त्याच विद्यार्थ्यास सांगता येईल : या उताऱ्याचा यंत्राने केलेला अनुवाद घ्या, शब्दकोश व व्याकरणाच्या साहाय्याने त्यातील चुका दाखवा, आणि प्रत्येक चुकीचे कारण लिहा. हे काम चौथ्या पायरीचे आहे. येथे यंत्राचा वापर आक्षेपार्ह ठरत नाही, कारण व्याकरण जाणल्याशिवाय चूक दाखविता येत नाही.

उद्दिष्टाचा हा विचार किती मोलाचा आहे, हे तुर्कस्तानातील एका प्रयोगाने दाखविले आहे. तेथील एका माध्यमिक शाळेतील सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर पेन्सिल्वेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गणित विषयात हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२४ साली पुढे आले. एका गटास सरावाच्या वेळी साधे यंत्र दिले. त्या गटाची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. परंतु यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना यंत्र कधी मिळालेच नव्हते त्यांच्यापेक्षा या गटाची कामगिरी १७ टक्क्यांनी कमी भरली. दुसऱ्या गटास जे यंत्र दिले होते ते थेट उत्तर न देता केवळ सूचना देईल अशी तजवीज केलेली होती. त्या गटाची सरावातील कामगिरी १२७ टक्क्यांनी सुधारली आणि परीक्षेतील हानी बहुतांशी टळली. साधन एकच, परंतु वापराच्या अटी बदलताच परिणाम बदलला. पहिल्या गटाने उत्तरे मिळविली. दुसऱ्या गटास उत्तरापर्यंत जाण्याचा सराव करावा लागला. अध्यापकाने नियम करताना हाच फरक डोळ्यांपुढे ठेवावयास हवा.

५. ओळखयंत्रणा : पुरावा नव्हे, अंदाज

आता सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळू. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारी यंत्रे बाजारात आहेत. एखाद्या लेखनावर 'यंत्रलिखित ८० टक्के' असा आकडा ती दाखवितात आणि अध्यापकाला तो आकडा न्यायालयाच्या निकालासारखा वाटू लागतो. वास्तविक तो केवळ अंदाज असतो.

उतारा जुळण्याची तपासणी आणि यंत्रलेखनाची ओळख या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत दोन मजकूर शेजारी ठेवून कोणालाही जुळणी पाहता येते. विद्यार्थ्यालाही ती दाखविता येते. दुसरीत शेजारी ठेवावयास काहीच नसते. शब्द किती अपेक्षित क्रमाने आले आहेत, वाक्यांची लांबी किती एकसारखी आहे, अशा लक्षणांवरून ओळखयंत्रणा संभाव्यता सांगते. जे लेखन साधे, सरळ आणि मर्यादित शब्दसंग्रहाचे असते ते तिला यंत्राचे वाटते.

असे लेखन कोण करतो? परभाषेत लिहिणारा विद्यार्थी. स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी २०२३ साली सात ओळखयंत्रणांची परीक्षा घेतली. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशांनी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी तपासावयास दिले. हे सर्व निबंध माणसांचेच होते. तरीही सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक निबंध यंत्रलिखित ठरविले गेले. ९१ पैकी ८९ निबंधांवर किमान एका यंत्रणेने ठपका ठेवला, आणि १८ निबंधांवर सातही यंत्रणांनी एकमताने. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र या यंत्रणांनी बहुतांशी बरोबर ओळखले. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या निष्कर्षाचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. कष्टाने शिकलेली साधी, शुद्ध इंग्रजी हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

स्वतः ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये अशी एक यंत्रणा प्रसिद्ध केली होती. कंपनीच्याच चाचणीत यंत्रलिखित मजकुरापैकी अवघा २६ टक्के मजकूर तिने योग्य ओळखला, तर माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर तिने चुकीचा ठपका ठेवला. जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी असल्याचे कारण देऊन कंपनीने ती मागे घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिन या प्रणालीतील ओळखयंत्रणेचा वापर थांबविला. त्यांनी मांडलेला हिशेब साधा होता. २०२२ साली त्या विद्यापीठाने ७५,००० लेखने टर्निटिनकडे पाठविली होती. चुकीच्या ठपक्याचे प्रमाण केवळ एक टक्का धरले, तरी सुमारे ७५० निर्दोष लेखनांवर ठपका आला असता.

याहून घातक प्रकार म्हणजे 'हे तूच लिहिलेस काय?' असे चॅटजीपीटीलाच विचारणे. मे २०२३ मध्ये टेक्सास राज्यातील एका विद्यापीठात एका अध्यापकाने असे केले आणि अनेक विद्यार्थ्यांचे निकाल अडचणीत आले. आपण काय लिहून दिले याची अशी नोंद त्या यंत्राजवळ नसते. विचारणाऱ्यास जे उत्तर संभाव्य वाटेल ते ते देते. ज्या यंत्रावर विद्यार्थ्याने विसंबू नये असे आपण म्हणतो, त्याच यंत्राच्या शब्दावर विद्यार्थ्यास दोषी ठरविणे हा विरोधाभास होय.

६. भारतातील चौकट

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली शैक्षणिक सचोटी व वाङ्मयचौर्यप्रतिबंध यांविषयीचे विनियम लागू केले. साम्याच्या प्रमाणानुसार त्यात श्रेणी आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास दंड नाही. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांहून अधिक अशा तीन स्तरांवर वाढत्या शिक्षा आहेत. हे विनियम चॅटजीपीटीच्या आगमनापूर्वीचे आहेत. त्यांतील टक्केवारी मजकुराच्या साम्याची आहे, यंत्रलेखनाच्या अंदाजाची नव्हे; म्हणून ओळखयंत्रणेचा आकडा या श्रेणींत बसविणे हा उघड विपर्यास ठरतो.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. हे विनियम प्रबंध, संशोधनपर लेख, ग्रंथ यांसारख्या लेखनासाठी आहेत. गृहपाठ, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका यांना त्यांच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळण्यात आले आहे. म्हणजे सामान्य विद्यार्थ्याच्या रोजच्या लेखनासाठी तयार नियम तेथे सापडत नाही. तो अध्यापकाला व विभागाला स्वतः करावा लागतो. तथापि त्या विनियमांतील एक तत्त्व येथेही घेण्यासारखे आहे. आरोपाची चौकशी करणाऱ्या समितीने नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांचे पालन केले पाहिजे, असे बंधन तेथे आहे. आरोप काय आहे हे सांगणे, आधार दाखविणे आणि बाजू मांडण्याची संधी देणे, एवढा त्याचा किमान अर्थ होय.

नियम लिहिलेला नसेल तर काय होते, याचे उदाहरणही समोर आहे. २०२४ साली हरियाणातील एका खाजगी विद्यापीठातील विधी शाखेच्या विद्यार्थ्यास यंत्रलिखित उत्तर सादर केल्याच्या कारणावरून अनुत्तीर्ण ठरविण्यात आले. त्याने पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात दाद मागितली. यंत्राच्या वापरास मनाई करणारा स्पष्ट नियम विद्यापीठाने दाखविलेला नाही, असे त्याच्या याचिकेत म्हटले होते. पुढे विद्यापीठाने त्यास उत्तीर्ण केल्याचे कळविले आणि याचिका निकाली निघाली. त्यामुळे न्यायालयाचे तत्त्वविषयक मार्गदर्शन मिळाले नाही; परंतु प्रत्येक विभागाने यातून बोध घ्यावयास हरकत नाही. उच्च न्यायालयापर्यंत जाणे सर्व विद्यार्थ्यांना शक्य नसते, म्हणून नियम आधीच स्पष्ट असणे हे दुर्बलाचे संरक्षण आहे.

७. आधार तपासण्याची शिस्त

बौद्ध अध्ययनाच्या अभ्यासक्रमांत एका गोष्टीची विशेष दक्षता घ्यावी लागेल. तथागतांच्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावावर अनेक निराधार वचने समाजात फिरत असतात. यंत्र अशाच मजकुरावर पोसलेले असल्याने ती वचने ते पुन्हा वाटते, आणि प्रसंगी नवीन वचनही रचून देते. असे वचन एकदा निबंधात आले, निबंधातून स्मरणिकेत आणि स्मरणिकेतून भाषणात गेले की ते परत घेता येत नाही. विरोधकास मात्र आपल्या खऱ्या प्रतिपादनावरही संशय घेण्यास निमित्त मिळते.

यावर उपाय अवघड नाही. बाबासाहेबांचे लेखन व भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडशः प्रसिद्ध केली आहेत. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यातील अकराव्या खंडात आहे. त्यांनी केलेले पाली व्याकरण व शब्दकोश सोळाव्या खंडात आहेत. म्हणून नियम असा असावा : प्रत्येक अवतरणासोबत खंड व पृष्ठ द्यावे, सुत्तासोबत निकाय व सुत्ताचे नाव द्यावे, आणि विचारल्यास ते पान उघडून दाखवावे. यंत्राने सांगितलेला आधार विद्यार्थ्याने स्वतः पाहिला नसेल तर तो आधार नव्हेच. असा निराधार संदर्भ आढळल्यास गुण कापावेत. यंत्र वापरले की नाही हे शोधण्याची येथे गरजच उरत नाही, कारण खोटा संदर्भ हा स्वतःच सिद्ध करता येणारा दोष आहे.

८. समतेचा प्रश्न

यंत्रांच्या विनामूल्य व सशुल्क आवृत्त्यांत क्षमतेचा फरक असतो. सशुल्क आवृत्ती घेणारा विद्यार्थी आणि शेजाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर अभ्यास करणारा विद्यार्थी यांना एकाच मापाने गुण देणे न्याय्य नव्हे. ज्या कामात यंत्र वापरणे आवश्यक असेल ते विनामूल्य साधनावर अथवा संस्थेच्या संगणकावर करता यावे; आणि ज्यास यंत्र वापरावयाचे नाही त्यास तोडीचे पर्यायी काम मिळावे.

तसेच एका बाजूचा लाभही नाकारता येणार नाही. ज्याच्या घरी इंग्रजी वाक्य तपासून देणारे कोणी नाही, ज्याला खाजगी शिकवणी परवडत नाही, ज्याला दृष्टिदोषामुळे वाचन कठीण जाते, त्याला रात्री अकरा वाजता न कंटाळता शंका समजावून देणारे साधन प्रथमच मिळत आहे. सुखवस्तू घरातील विद्यार्थ्यास वडील, काका, शिकवणीचे मास्तर यांची मदत आजवर मिळत आली, आणि त्या मदतीला कोणी अपराध म्हटले नाही. मग वंचित विद्यार्थ्यास तशी मदत यंत्राकडून मिळू लागताच तिला सरसकट चोरी ठरविणे योग्य होईल काय? मदत किती व कशासाठी, हा प्रश्न दोघांनाही सारखाच विचारला पाहिजे.

वयाचा व गोपनीयतेचा विचारही हवा. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मधील मार्गदर्शिकेत वर्गातील अशा साधनांच्या वापरासाठी किमान १३ वर्षांची वयोमर्यादा सुचविली. भारताच्या २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे. सबब विद्यार्थ्याचे नाव, जात प्रमाणपत्र, आजारपण अथवा अप्रकाशित लेखन अध्यापकाने परस्पर यंत्रात घालू नये. विद्यार्थ्यास जो नियम, तोच अध्यापकासही असावा : उत्तरपत्रिका तपासताना यंत्राचे साहाय्य घेतले असेल तर तेही उघड असावे, आणि गुण माणसानेच द्यावेत.

९. नियमपत्रकाचा एक नमुना

वरील विवेचनाच्या आधारे एखाद्या पदविका अभ्यासक्रमासाठी पुढीलप्रमाणे नियमपत्रक करता येईल. आपापल्या गरजेनुसार त्यात फेरफार करावेत.

(१) प्रत्येक कामाच्या शीर्षस्थानी यंत्रवापराची पायरी व तिचे कारण लिहिलेले असेल. पायरी लिहिलेली नसल्यास, दुसऱ्या व्यक्तीकडून जेवढे साहाय्य घेणे योग्य तेवढेच यंत्राकडून घेता येईल.

(२) यंत्र वापरले असल्यास शेवटी चार ओळींचे निवेदन द्यावे : कोणते साधन, कोणत्या टप्प्यावर, कशासाठी, आणि त्याने दिलेल्यापैकी काय ठेवले व काय टाकले. प्रामाणिक निवेदनाबद्दल गुण कापले जाणार नाहीत.

(३) मजकुरातील प्रत्येक विधानाची व संदर्भाची जबाबदारी विद्यार्थ्याची राहील. 'यंत्राने तसे सांगितले' हा बचाव मानला जाणार नाही.

(४) कच्चे टिपण, पहिला खर्डा व वाचलेल्या पृष्ठांची नोंद निकाल लागेपर्यंत जपून ठेवावी. हस्तलिखित टिपणही चालेल.

(५) एकूण गुणांपैकी ठराविक भाग वर्गातील लेखन व तोंडी परीक्षेसाठी राखून ठेवलेला असेल.

(६) ओळखयंत्रणेचा आकडा हा दोषाचा पुरावा मानला जाणार नाही. शंका आल्यास अध्यापक प्रथम विद्यार्थ्याशी त्याच्या लेखनाविषयी बोलतील. विद्यार्थ्यास स्वतःच्या भाषेत, मराठीत, उत्तर देण्याचा अधिकार राहील.

(७) दोष सिद्ध झाल्यास पहिल्या वेळी ते काम पुन्हा करून घेतले जाईल. पुढील कार्यवाही विभागाची समिती लेखी कारणांसह करील, आणि तिच्याविरुद्ध दाद मागता येईल.

(८) हे नियम प्रत्येक सत्राच्या आरंभी वर्गात वाचून समजावले जातील व विद्यार्थ्यांच्या सूचना विचारात घेऊन वर्षातून एकदा तपासले जातील.

यांतील चौथ्या व सहाव्या कलमांचा परस्परसंबंध ध्यानात घ्यावा. ज्याने स्वतः लिहिले आहे त्याच्याजवळ लेखनाच्या खुणा असतात : खोडलेली वाक्ये, समासातील टिपणे, बदललेला क्रम. तो आपल्या निबंधाविषयी दहा मिनिटे बोलू शकतो. ज्याने दुसऱ्याकडून करवून घेतले, मग तो दुसरा माणूस असो वा यंत्र, त्याला आपल्याच निबंधातील शब्दाचा अर्थ सांगता येत नाही. दहा मिनिटांचे असे संभाषण कोणत्याही ओळखयंत्रणेपेक्षा अधिक विश्वसनीय असते, आणि त्यातून निर्दोष विद्यार्थ्याचा अवमानही होत नाही. मोठ्या वर्गात प्रत्येकाशी असे बोलणे शक्य नसते, हे खरे. परंतु ज्याच्यावर ठपका ठेवावयाचा आहे त्याच्याशी तरी बोललेच पाहिजे.

सारांश

यंत्र थांबणार नाही आणि निबंधही थांबता कामा नये. विद्यार्थी निबंध लिहितो तो अध्यापकास माहिती पुरविण्यासाठी नव्हे. अध्यापकाला ती माहिती आधीच असते. विखुरलेले वाचन एकत्र आणणे, दोन मतांत निवड करणे, निवडीचे कारण सांगणे आणि ते दुसऱ्यास पटेल अशा शब्दांत मांडणे, हा अभ्यास त्या लेखनातून घडतो. ज्या समाजाला शतकानुशतके लेखणीपासून दूर ठेवले गेले, त्या समाजातील विद्यार्थ्याने ही शक्ती मिळवल्यावर ती आपण होऊन यंत्राच्या स्वाधीन करू नये, हे जितके महत्त्वाचे, तितकेच हेही महत्त्वाचे की त्याने स्वकष्टाने लिहिलेले वाक्य केवळ एका आकड्याच्या आधारे त्याच्यापासून हिरावले जाऊ नये. पहिले काम विद्यार्थ्याचे आहे. दुसरे अध्यापकांचे व संस्थांचे. नवे सत्र सुरू होण्यापूर्वी प्रत्येक विभागाने, आणि विहारांतून चालणाऱ्या प्रत्येक वर्गानेही, एक पानभर का होईना परंतु लेखी व स्पष्ट नियमपत्रक तयार करावे आणि ते विद्यार्थ्यांसमोर वाचून दाखवावे.